व्हिडिओ शेवटपर्यंत बघा

“पासवर्ड सांगतोस, का येऊ तुझ्या घरी?”

एका दमात विचारलं मी. समिधाने शिकवलं होतं तसंच, शब्दाला शब्द. फोन अलफियाच्या पलंगावर मधोमध, भडंगाच्या ताटलीला टेकवून ठेवला होता, स्पीकर चालू करून. समिधाने उशीत तोंड खुपसलं होतं आणि तिची पाठ हलत होती. अलफिया मला हाताने खुणावत होती, आवाज जाड कर, अजून जाड.

पलीकडून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग एक बाई म्हणाली,

“ये की. कोण बोलतंय?”

समिधा उशीतून वर आली.

मी आठवीत होते तेव्हाचं हे. आता दहावीत आहे, आणि आमच्या वर्गात कुणालाही विचारा, केतकी कुणालाही काहीही विचारते असंच सांगतील. त्या वर्षी ही सवय नुकती लागत होती. सातवीपर्यंत मी हजेरीच्या वेळीसुद्धा ऐकू जाईल असं ‘हजर’ म्हणत नव्हते. मग पप्पांच्या जुन्या फोनवर बसचा गेम घेतला आणि मला गाडी चालवता यायला लागली. अशी यायला लागली की शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत माझ्याकडे येऊन विचारायची, वळणावर गाडी कलंडते, काय करायचं? एवढं पुरलं मला. आवाज फुटला.

गेम साधा आहे. बंदुका नाहीत, मारामारी नाही. बस चालवायची, थांब्यावर माणसं घ्यायची, वेळेत पोचायचं. गंमत असते ती पोरांनी बनवलेल्या मॅपमध्ये. गेममधले मूळ रस्ते परदेशातले. पण आपल्याकडची पोरं घरी बसून आपले रस्ते बनवतात, आपली लाल एसटी बनवतात, तिच्यावर ‘कराड आगार’ लिहितात आणि ती फाईल नेटवर टाकतात. कुणीही उतरवून घ्यावी, फुकट. फक्त फाईलला कुलूप असतं. त्याचा पासवर्ड मिळतो त्याच पोराच्या व्हिडिओत, आणि तोही पार शेवटी, म्हणजे तुम्ही सगळा व्हिडिओ बघावा. ‘मंडळी, स्किप करू नका, व्हिडिओ शेवटपर्यंत बघा.’ प्रत्येक जण हेच म्हणतो. आणि आपण बोटाने सरकवत सरकवत शेवट गाठतो.

या सगळ्यांत भारी होता घाटराजा. तोंड कधी दाखवायचा नाही, नुसता आवाज. त्याच्या मॅपमध्ये रस्त्यावरचा खड्डासुद्धा खऱ्या जागी असायचा. श्रावणात त्याने कराड-चिपळूणचा रस्ता टाकला, अख्ख्या कुंभार्ली घाटासकट, आणि खाली लिहिलं, ‘व्हिडिओ उद्या.’ आम्ही सगळ्यांनी ती जड फाईल उतरवून घेतली. उद्या काही आला नाही. गणपती बसले, उठले, घट बसायची वेळ आली, आणि आम्ही आपले कुलूपबंद कुंभार्ली घाट फोनमध्ये घेऊन बसलेलो. आज तो मॅप कुणालाही मिळतो, आणि त्याला कुलूप नाही. पण ते नंतरचं.

माझी तर जास्तच पंचाईत होती. आमच्या गेमच्या ग्रुपवर मी एकटी मुलगी (अलफिया आणि समिधा ग्रुपबाहेरच्या), आणि नुकतंच मला ॲडमिन केलं होतं. रविवारी आमचा कॉन्व्हॉय असायचा. सगळ्यांनी एकाच वेळी गेममध्ये यायचं आणि एकामागोमाग गाड्या लावून एकाच रस्त्याने जायचं. सगळ्यात पुढची गाडी ॲडमिनची. मी जोरात जाहीर करून बसले होते, पुढचा कॉन्व्हॉय कुंभार्ली घाटातून! त्यावर ‘ब’ तुकडीतल्या मयूरेशने लिहिलं होतं, “ड्रायव्हरीणबाई, कुलूप कोण उघडणार? तुमचे पप्पा?”

पप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, शाळेच्याच रस्त्यावर. तेच मला स्कूटरवरून सोडायचे आणि आणायचे. घाटात गाडी लीलया वळवणारी मी खऱ्या एसटीत एकटी कधी चढलेच नव्हते, हे मयूरेशला माहीत होतं.

घाटराजाच्या चॅनलवर खाली एक नंबर होता. व्हिडिओ यायचा राहिला तेव्हापासून तो कायम बंद लागायचा. त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अलफियाने सहज लावला तर रिंग गेली. तिने घाबरून कट केला. मग समिधा म्हणाली, “केतकी लावेल. आणि हॅलोबिलो काही नाही. पहिलंच वाक्य हे. आहे हिंमत?”

होती की.

“काकू,” मी म्हटलं. जाड आवाज कुठच्या कुठे गेला. “घाटराजा आहे का?”

“कोण राजा?”

“म्हणजे तो, बसच्या गेमचे व्हिडिओ करतो ना, तो. आम्ही कराडहून बोलतोय.”

“सुयोग व्हय. सुयोगची आई मी. मैत्रीण का गं तू त्येची?”

त्याचं नाव मला तेव्हा कळलं. समिधाने ‘मैत्रीण’वर भुवया उडवल्या.

“हो,” मी म्हटलं. “फोनवरची.”

“बरं. तो न्हाई बाळ आता. गणपतीच्या आधी गेला. ताप आला. तुमच्या कराडलाच आणलं हुतं. डोक्यात गेला म्हणाले ताप.”

एसटी आली का म्हणून विचारावं आणि फाट्यावरच्या कुणीतरी ‘मगाशीच गेली की’ असं सांगावं, तशा आवाजात सांगितलं त्यांनी. अलफियाचा हात तोंडावर गेला. समिधाचे डोळे भरले, मी बघितले भरताना. मला काही झालं नाही. माझ्या चिमटीत भडंगातली तळलेल्या लसणाची पाकळी होती. ती खावी का परत ताटलीत टाकावी, एवढंच डोक्यात होतं.

“फोन बंदच हुता,” काकू सांगत होत्या. “परवा भाच्यानं चालू करून दिला. आता मी चार्जिंगला लावून ठेवती. लई पोरांचं मेसेज आल्यात. वाचती मी. सगळी एकच इचारत्यात, पासवर्ड, पासवर्ड. तू बी तेच इचारलंस. काय असतं गं ते?”

अलफिया मानेने नाही नाही करत होती. ठेव फोन, असं. मी बोलतच राहिले. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, तेवढंच चालू होतं माझं.

“त्याने एक रस्ता बनवलाय, काकू. कराडपासून चिपळूणपर्यंत. त्याला कुलूप घातलंय. त्याची किल्ली तो व्हिडिओत सांगतो.”

“व्हिडिओ हाय की! हितंच फोनमधी हाय, शेवटचा. पाठवायचा ऱ्हायला त्येचा.”

“तुम्हाला पाठवता येईल?”

“त्ये न्हाई बाई मला जमत. पर पाठ हाय. सांगू?”

मी हो म्हटलं का, आठवत नाही. त्यांनी सुरू केलं.

“‘राम राम मंडळी, मी घाटराजा, आणि आपलं स्वागत आहे कराड आगारात. आज आपण निघालोय चिपळूणला. व्हिडिओला लाईक करा, स्किप करू नका, आणि व्हिडिओ शेवटपर्यंत बघा.’ आसं म्हणतो आन हसतो.”

काकूंचं ‘न्हाई’ आणि ‘हाय’ कुठे गेलं कळेना. बोलण्याची लय त्याची होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं घाटराजाचं. आवाज तेवढा बाईचा. आम्ही त्याचे कितीतरी व्हिडिओ पाहिले होते, पुढे ढकलत ढकलत. इथे ढकलायला काही नव्हतं.

“‘हे सुपने गेलं. चला, मागे सरका, मागे सरका, मधे जागा आहे. आता मल्हारपेठ. इथे एक आजी रोज गाडी सुटल्यावरच हात करतात, त्यांना पण टाकलंय मी मॅपमध्ये, बघा, दिसल्या? थांबू नका, त्यांना सवय आहे.’” काकू मधेच हसल्या. “खरंच हाय ती म्हातारी. ‘नवारस्ता. हा खड्डा लक्षात ठेवा मंडळी, इथे माझं डोकं वरच्या दांडीला आपटलं होतं.’ टेंगूळ आलं हुतं, ह्ये एवढं. ‘पाटण. पाटणला गाडी पाच मिनिटं थांबणार, चहा प्यायचा तर पिऊन घ्या, ड्रायव्हर सोडून जाईल. आता पाटण सोडलं. आता बघा हां, हा आमचा आंबेदरा फाटा. ही शेड. हे वडाचं झाड. आणि हे खाली पत्र्याचं घर दिसतंय, ते कुणाचं आहे ते…’”

त्या थांबल्या. खालच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

“हितं मागनं माझा आवाज येतो,” काकू म्हणाल्या, परत त्यांच्या स्वतःच्या बोलीत. “मी म्हणती, ‘सुयोग, जेवाय ये रे.’ आन तो म्हणतो, ‘आलो आई, पाच मिनिटं.’”

“मग?” माझ्या तोंडातून सुटलं.

“मग मी थांबवती.”

“म्हणजे?”

“हाय फुडं अजून. खाली ती रेघ असती का न्हाई, ती उरल्याली दिसती थोडी. पर मी तितंच थांबवती. आलो म्हणलाय ना तो. मग कशाला फुडं न्यायचं?”

समिधा आता आवाज न करता रडत होती. अलफियाने फोनकडे हात नेला आणि परत घेतला.

“ती किल्ली फुडं असंल व्हय गं?” काकूंनी विचारलं.

असणारच होती. घाटराजा नेहमी शेवटच्या थांब्यावर पासवर्ड सांगायचा, इंजिन बंद करून. म्हणजे पोफळीला घाट उतरून, चिपळूणच्या स्टँडवर. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की काकू, तेवढं पुढे लावा आणि फोनजवळ धरा. दोन मिनिटांचं काम. रविवारचा कॉन्व्हॉय, मयूरेशचं तोंड बंद, सगळं त्या दोन मिनिटांत होतं. आणि काकूंनी लावलंही असतं, मला वाटतं. मी मागितलं असतं तर.

“माहीत नाही, काकू,” मी म्हटलं.

“बघायचा हाय मला एकदा. कुणी शेजारी बसलं तर बघीन. ह्येंचं काय, हे त्या फोनला हात लावत न्हाईत.” मग म्हणाल्या, “तू येऊ का म्हणालीस मगाशी. ये की. फाट्याला उतरलं की दुसरंच घर. जेवूनच जा.”

“ठेवते, काकू.”

फोन मीच ठेवला. समिधा नाक पुसत माझ्याकडे बघत होती.

“तुला काहीच कसं वाटत नाही गं?”

“वाटतंय.”

“काय?”

मी खरंच विचार केला. “भडंग मऊ पडलंय,” म्हटलं. विनोद नव्हता तो. मऊ पडलंच होतं.

संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, ‘घाटराजा वारला. त्याचं नाव सुयोग होतं. कॉन्व्हॉय रद्द.’ लगेच जोडलेले हात यायला लागले, एकाखाली एक, स्क्रीन भरून. मग दिवे. मग कुणीतरी रडणारा चेहरा. मग मयूरेश, “लई वाईट झालं. पण पासवर्ड मिळाला का?” त्यावर आणखी एक, “माझ्या दादाकडे कुलूप तोडायचं सॉफ्टवेअर आहे, पण लई दिवस लागतात.” मग परत मयूरेश, “सॉफ्टवेअर कशाला? हिचं झालंय ना बोलणं घरी. नीट विचार की त्याच्या आईला. जाहीर तू केलं होतंस, ड्रायव्हरीणबाई.”

राग यायला हवा होता. एरवी मी त्याला असं उत्तर दिलं असतं की त्याने आठवडाभर ग्रुपकडे बघितलं नसतं. मी ते मेसेज लाइटच्या बिलासारखे वाचले आणि फोन बाजूला ठेवला.

तो आठवडा असाच गेला. शाळेत सगळं नीट केलं. मराठीच्या बाईंनी उभं करून धडा वाचायला लावला तर मोठ्या आवाजात वाचला, शाबासकी मिळाली, आणि खाली बसल्यावर धडा कसला होता ते सांगता आलं नसतं. विज्ञानाच्या प्रयोगाला मेणबत्तीचं मेण बोटावर सांडलं. भाजलं होतं, ते डबा खाताना बोट पोळीला लागलं तेव्हा कळलं. अलफिया रोज विचारायची, “तू परत फोन केलास का त्यांना?” मी रोज नाही म्हणायचे. ती म्हणायची, “अम्मी म्हणते, दुवा कर. केली मी.” समिधाने तो विषय पुन्हा काढलाच नाही, फक्त मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातलं खायची बंद झाली, पाहुण्यासारखी.

घरी गेम लावायचे. जुनाच मॅप, परदेशातला, सरळ रस्ते, निळी आभाळं. बस चालवायचे. थांब्यावर माणसं हात करत उभी असायची. मी थांबत नव्हते. गुण कमी होत होते, खाली लाल अक्षरात सूचना येत होत्या, प्रवासी नाराज, प्रवासी नाराज. रिकामी गाडी घेऊन मी पुढे जात होते.

गुरुवारी संध्याकाळी तशीच बसले होते, आतल्या खोलीत, भिंतीला टेकून. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली.

“केतकी, जेवायला ये गं!”

“आले आई, पाच मिनिटं!”

रोजचंच. रोज आई अशीच हाक मारते, मी असंच म्हणते, आणि पाच मिनिटांची पंचवीस होतात. माझा अंगठा स्क्रीनवर तसाच राहिला. बस रस्ता सोडून गेली, कठड्याला घासत, मग एका भिंतीवर जाऊन थांबली. इंजिनाची घरघर चालू होती. मी फोन तसाच ठेवून उठले.

“अगंबाई,” आई म्हणाली. पतसंस्थेतल्या नोकरीवरून आल्यावर तिचा ड्रेस अजून बदलायचा राहिला होता, हातात भाकरीचा तुकडा. “आज पहिल्या हाकेला?”

“बॅटरी संपली असणार,” पप्पा म्हणाले. त्यांच्या नखांत तांब्याच्या तारेचं वार्निश बसलेलं असतं, कितीही धुतलं तरी. “नाहीतर आपली एवढी कुठं वट?”

मी ताट ओढलं. वांग्याचं भरीत होतं. पहिला घास तोंडात गेला आणि तिखट लागला. शनिवारनंतर पहिल्यांदा काहीतरी तिखट लागलं. डोळ्यांतून पाणी आलं.

“मिरची लागली का?” आईने पाणी पुढे केलं.

“नाही.” मी पाणी प्यायले. “मी रविवारी आंबेदऱ्याला जाणार आहे.”

“कुठं?” पप्पा म्हणाले.

“पाटणच्या पुढे. फाटा आहे.”

“तिथं कोण आहे आपलं?”

“माझा एक मित्र होता.”

‘होता’ आईला ऐकू आलं. तिने पप्पांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

“गणपतीच्या आधी गेला तो,” मी म्हटलं. “मी त्याला कधी भेटलेली नाही. त्याचा एक व्हिडिओ आहे. तो त्याच्या आईला शेवटपर्यंत बघायचाय, पण एकटीला बघवत नाही. म्हणून मी शेजारी बसणार आहे.”

पप्पांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, “बरं. दुकान बंद ठेवतो मी रविवारी. स्कूटरवर जाऊ दोघं.”

“नको पप्पा. एसटीने. एकटी.”

“एकटी? अगं, कुठं उतरायचं ते तरी कळणार आहे का तुला?”

“कळेल. सुपने, मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण. पाटणला गाडी पाच मिनिटं थांबते. मग एक शेड येते आणि वडाचं झाड. तिथे उतरायचं. पाठ आहे मला.”

आईने विचारलं, “काही आणायचंय का तिथून?”

“नाही,” मी म्हटलं. “काही आणायचं नाही. आणि माझं दुपारचं ठेवू नकोस, आई. मी तिथे जेवणार आहे.”